पोटात गेलेली चादर

टाकेबाईंना ओळखणारं कोणीही त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगतं. पहिली ही, की सुई हातात असली की बाई वाघीण. कितीही विरलेलं, फाटलेलं, उंदरांनी कुरतडलेलं कापड पुढे टाका, बाई डगमगायच्या नाहीत. दुसरी ही, की फोन वाजला की त्याच वाघिणीची शेळी होते. "कोणाचा असेल हो?" असं विचारत त्या फोनकडे बघत बसतात, आणि तोवर तो बिचारा वाजून वाजून थांबतो. मग पुढचा तासभर, कोणाचा होता, काय झालं असेल, याची काळजी.

घाबरायला त्यांना कारण लागत नाही. गॅस बंद केला का, हे त्या तीनदा बघतात, आणि तिसऱ्यांदा बघताना आपलाच हात लागून चालू तर झाला नाही ना, म्हणून चौथ्यांदा. नवऱ्याला यायला दहा मिनिटं उशीर झाला की त्यांच्या मनात त्याचा अपघात होऊन जातो, पाय प्लास्टरमध्ये जातो, आणि तो दारात धडधाकट उभा राहिला की वर त्यालाच ओरडा. नवरा म्हणजे पेंटर. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, म्हणून सगळे त्यांना पेंटरच म्हणतात. "लोक रविवारी सुट्टी घेतात," पेंटर म्हणतात, "आमची ही काळजीला रविवारीसुद्धा कामाला लावते."

एकतीस वर्षं टाकेबाईंनी एका मोठ्या इस्पितळाच्या लिनन रूममध्ये काढली. नाव भारी, खोली तळघरातली. खिडक्या छताला चिकटून, आणि त्यांतून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय दिसायचे. धुऊन आलेल्या चादरींचे ढीग टेबलावर पडायचे आणि चार बायका त्यांची डॉक्टरकी करायच्या. माणूस मध्ये झोपतो, म्हणून चादर मध्येच विरते. कडा तशाच धडधाकट राहतात. मग ती मधून उभी फाडायची, धड कडा मध्ये आणून एकमेकींना जोडायच्या आणि विरलेला भाग बाजूला न्यायचा. झाली चादर पुढच्या पाच वर्षांची. तीही विरली की तिचे अभ्रे. अभ्रे गेले की तान्ह्या बाळांची दुपटी. दुपटी संपली की फडकी. फडकंही संपलं, की मग कुठे ते कापड मेलं म्हणायचं. या शाळेत शिकलेली बाई कापडाला घाबरणार कशी? तिथल्या मुख्य बाईंना मात्र त्या इतक्या घाबरायच्या, की जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की यांच्या बोटात सुई गेलीच म्हणून समजा. एकतीस वर्षं मुख्य बाईंनी त्यांना एकदाही रागावलं नाही. त्याचीही यांना काळजीच वाटायची, की सगळं साठवून ठेवत असतील.

निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना. टाकाऊ चादरींचे तुकडे जमवून त्यांनी एक मोठं चित्र शिवलं: लिनन रूमची खिडकी आणि तिच्यातून दिसणारे पाय. बुटांतले, चपलांतले, घाईतले, रेंगाळणारे, एक कुबडीवाला. पेंटरनी खडूने रेघा मारून दिल्या आणि वर्षभर सांगत फिरले, की माझ्याशिवाय हिला एक पाय सरळ आला नसता. ते चित्र शेजारणीने पाहिलं, शेजारणीच्या नणंदेने पाहिलं, आणि बघता बघता लोक गाठोडी घेऊन दारात यायला लागले. कोणी घर विकलेलं, कोणी परगावी निघालेलं, कोणाची आई गेलेली. कपाटं रिकामी करताना चादरी, पडदे, टेबलक्लॉथ, अभ्रे हाताला लागतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. टाकेबाई त्याच कापडांतून त्या घराचं एक चित्र शिवून द्यायच्या. पडद्याची खिडकी, टेबलक्लॉथचं टेबल, अभ्र्यांची भिंत. हवं तर टांगा, हवं तर पांघरून झोपा.

या कामात त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांचा त्यांनीच काढलेला होता. चित्र वर असतं, अस्तर खाली, आणि मध्ये असतं पोट. पोट म्हणजे आतले चार थर. त्यानेच चित्राला अंग येतं. पोटाला कापड जुनं आणि मऊ लागतं, नाहीतर सुई अडते. आता गंमत अशी, की माणसं चांगलं कापड गाठोड्याच्या आत ठेवतात आणि गाठोडं बांधायला घरातली सगळ्यात जुनी चादर घेतात. ती परत कोणी मागत नाही. तेव्हा गाठोडं ज्यात बांधून आलं, ते कापड पोटात. विचारायचंसुद्धा नाही. सदतीस गाठोडी आली, सदतीस पोटं भरली, कधी बोट दाखवायला जागा राहिली नाही.

अडतिसावं गाठोडं ग्रंथपाल बाईंचं. पन्नाशी ओलांडलेली बाई, एकटी राहायची. नुकतंच आईचं जुनं घर बंद करून आईला आपल्याकडे आणलं होतं. आई चौऱ्याऐंशीची, आणि सगळं विसरणारी. "तिला तिची खोली सापडत नाही हो," बाई सांगत होत्या. "दिवसातून चारदा माझ्या खोलीत शिरते, मग आपली चूक कळली की लाजते. फार लाजते. मला ते बघवत नाही. तिच्या खोलीच्या दारावर तिच्या जुन्या घराचं दार शिवून लावता येईल का? म्हणजे तिला कळेल, हे आपलं."

ही कल्पना टाकेबाईंना इतकी आवडली, की त्या दिवशी त्यांनी गॅस दोनदाच बघितला. गुरुवारी गाठोडं आलं. गुरुवारीच सगळं धुऊन वाळत पडलं. आधी पोट, मग चेहरा, हा क्रम ठरलेला. शुक्रवारी गाठोड्याची चादर टेबलावर पसरली. पांढरी, बारीक हिरव्या काठाची, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. अशी चादर पोटाला मिळणं म्हणजे नशीबच. मधोमध उभी कात्री चालवली, मग आडवी. चार तुकडे एकावर एक अस्तरावर ठेवले आणि बारीक धावदोऱ्याने सगळं जखडून टाकलं. बोटभर अंतरात आठ टाके, असा हात. रविवारपर्यंत वर दाराची चौकट चढली, विटकरी पडद्याची. पेंटर म्हणाले, "दाराला कडी विसरू नकोस, नाहीतर चोर शिरेल."

सोमवारी सकाळी फोन वाजला आणि, नेमका त्याच दिवशी, टाकेबाईंनी तो पटकन उचलला.

"मावशी, अहो, घोळ झालाय," ग्रंथपाल बाईंचा आवाज पार दमलेला होता. "गाठोड्याला वरून जी चादर बांधली होती ना, पांढरी, हिरव्या काठाची, ती चुकून आली हो तुमच्याकडे. आईची आहे ती. रोज संध्याकाळी ती तिच्या घड्या घालते. घालते, मोडते, परत घालते. त्याशिवाय तिला झोप लागत नाही. गुरुवारपासून घर उलथंपालथं केलंय तिने. पलंगाखाली शिरते, कपाटातली माझी पुस्तकं उपसते. आणि मी शहाणी तिलाच म्हणतेय, आई, तूच कुठेतरी ठेवली असशील, आठव. आज सकाळी डोक्यात प्रकाश पडला, अगं, गाठोडं त्यातच बांधलं मी! आहे ना ती तुमच्याकडे?"

टाकेबाईंनी टेबलाकडे बघितलं. दाराची चौकट झकास दिसत होती.

"हो हो, आहे ना," त्या म्हणाल्या.

"हुश्श! मग संध्याकाळी येते न्यायला."

"आज नको!" टाकेबाई जवळजवळ ओरडल्या. "म्हणजे... धुतलीय. ओली आहे. उद्या मीच आणून देते. अकराच्या आत."

"किती त्रास तुम्हाला! पण बरं होईल मावशी, आईला एकटीला सोडून मला हलणं अवघडच जातं."

फोन ठेवल्यावर त्या मटकन खाली बसल्या. पेंटर वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. मी मेले." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

पेंटरनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, मग आत्ता फोन लाव आणि सांग, कापली गेली, चूक झाली. फाशी देणार आहेत का?"

"आहे म्हणून सांगितलं मी!"

"मग सांग, आहे, पण चार ठिकाणी आहे."

"थट्टा सुचतेय तुम्हाला! ती म्हातारी पलंगाखाली शिरतेय. चौऱ्याऐंशी वर्षांची! शिरताना पडली, खुब्याचं हाड मोडलं, तर? इस्पितळात किती बघितल्यात मी अशा. हाड मोडून आत येतात त्या..." अजून काहीच झालं नव्हतं, पण टाकेबाईंच्या मनात म्हातारी खाटेवर पडलेलीसुद्धा होती, आणि तिच्या खाली त्यांचीच एक ठिगळाची चादर होती.

"उसवते," त्या उठून म्हणाल्या. "उसवते आणि जोडते. उद्या अकराच्या आत."

"आणि मग सांगशील?"

"आधी जोडू तर दे!"

शिवायला तीन दिवस लागलेलं उसवायला किती वेळ लागतो, हे ज्याने कधी सुई धरली नाही त्याला नाही कळायचं. फाडायचं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण इथे दोरा कापायचा होता आणि चादरीचं सूत वाचवायचं होतं. टाकेबाई खिडकीशी बसल्या. ब्लेडच्या टोकाने एक टाका उचलायचा, कापायचा, पुढचा उचलायचा. बोटभर अंतरात आठ. आपल्याच हाताचा त्यांना राग आला. एरवी लोक कौतुक करायचे, की मावशी, किती बारीक टाका हो तुमचा! आज तोच बारीक टाका जीव खात होता. पेंटर समोर बसून कापलेले दोऱ्याचे तुकडे चिमट्याने वेचत होते. मध्येच म्हणाले, "जाडा टाका घालायची सवय लाव म्हातारपणी." बाईंनी वरसुद्धा बघितलं नाही.

दुपारी चौकट सुटली, मग अस्तर सुटलं, मग चारही तुकडे टेबलावर आले. अंगभर भोकं. टाकेबाईंना रडू फुटलं. पण हात थांबले नाहीत. त्या रडल्या आणि हातांनी आपलं काम केलं. ओलं फडकं टाकून वरून इस्त्री फिरवली, तेव्हा वाफेने सूत फुगलं आणि भोकं बरीचशी मिटली. मग आली जोडायची वेळ. एकावर एक कड चढवली असती तर चादर आखूड झाली असती आणि मध्ये कण्यासारखी जाड शिवण आली असती. म्हणून कडा नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्या, आणि चादरीच्याच दुमडीतून ओढून काढलेल्या सुताने, रफू करतात तशा, एकमेकींत विणत नेल्या. त्या पांढऱ्याला दुकानातला कोणताच पांढरा दोरा जुळणारा नव्हता. दिवेलागणीपर्यंत उभी शिवण झाली. आडवी राहिली, ती त्यांनी पहाटे उठून केली.

सकाळी पेंटरनी चादर उजेडात धरली. बराच वेळ बघितली.

"दिसत नाही," ते म्हणाले. "खरंच सांगतो, दिसत नाही."

"हाताला लागते," टाकेबाई म्हणाल्या.

"किती जण चादरीला हात लावून बघतात?"

"ती बघेल हो. रोज घड्या घालते ती. बघेलच."

"मग सांग ना बाई दारातच, आणि मोकळी हो!"

"सांगते. दारातच सांगते. बघा तुम्ही."

बसमध्ये त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. शिवणी आतल्या बाजूला जातील अशी घडी घातली होती, तरी दर थांब्याला पिशवीत हात घालून बघत होत्या. तोंडाने घोकंपट्टी चालू होती: मी कापली, माझी चूक झाली. मी कापली, माझी चूक झाली. कंडक्टर समोर येऊन उभा राहिला. "कुठे जायचं?"

"मी कापली," टाकेबाई म्हणाल्या.

"काय?"

त्यांनी घाईघाईने थांब्याचं नाव सांगितलं. कंडक्टरने त्यांना तिकीट दिलं आणि जरा लांबूनच दिलं.

तिसरा मजला. ग्रंथपाल बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले होते आणि डोळ्यांखाली काळं झालं होतं. पाच रात्री जागलेलं माणूस लपत नाही. टाकेबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "आलात! देवासारख्या आलात हो मावशी." झालं. देवासारख्या आलेल्या माणसाने दारातच काय सांगायचं? त्या चपला काढून आत गेल्या.

घरात जिथे तिथे चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या, ग्रंथालयात असतात तशा, नीट अक्षरात. कपाटावर "कपबश्या". एका बटणावर "दिवा", शेजारच्यावर "हे दाबू नये". एका दारावर "आईची खोली". त्या दारातून आई बाहेर आली. लहानशी, काटकी, केस चापूनचोपून बसवलेले. हात मात्र स्वस्थ नव्हते. रिकाम्या हवेतच काहीतरी चाचपत होते.

"आई, बघ काय आणलंय मावशींनी."

म्हातारीने चादर बघितली आणि तिचा चेहरा उजळला. तिने ती छातीशी धरली, नाकाशी नेली, जरा थांबली. साबणाचा वास येत असणार, परका. मग तिने घडी मोडली आणि दोन टोकं टाकेबाईंच्या हातात दिली. "धर ग. एकटीला कुठे जमतंय."

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. चादर ताणली, झटकली. म्हातारीची सफाई बघण्यासारखी होती. डोक्यातून सगळं गेलं होतं, पण हातांतून काही गेलं नव्हतं. टोकाला टोक, काठाला काठ. ती घडी घेऊन जवळ आली, टाकेबाईंच्या हातातली टोकं घेतली, आणि अंगठा कापडावरून फिरवत खाली नेला. दुसऱ्या घडीच्या वेळी अंगठा थांबला.

तो मागे गेला. परत आला. म्हातारी खिडकीशी गेली, चादर पसरून उजेडात धरली आणि बोटाने शिवणीवरून चालत गेली, वरून खाली. मग आडवी.

"ही फाटली," ती म्हणाली.

ग्रंथपाल बाई पुढे झाल्या. त्यांनी वाकून बघितलं, हात लावून बघितला. "अगंबाई, हो की. मावशी, फाटली होती का ही? आणि तुम्ही शिवून दिलीत? किती सुंदर शिवलीय! दिसतसुद्धा नाही. म्हणून कालचा दिवस मागून घेतलात होय!" त्या आईकडे वळल्या. "आई, तू ओढाताण करतेस ना, त्यात फाटली असेल. असू दे. मावशींनी बघ कशी नवीन करून दिली."

आता बघा. टाकेबाईंनी नुसतं गप्प राहायचं होतं. कोणी विचारत नव्हतं. उलट उपकार मानले जात होते. दोन दिवसांची धडधड, बसमधली घोकंपट्टी, सगळं एका मिनिटात मिटलं असतं. आणि कबूल करायला हवं, त्या क्षणी त्यांना बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं.

पण म्हातारीचा चेहरा उतरला होता. तिने चादर खाली केली आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं, उलटेसुलटे करून.

"मी फाडली?" ती म्हणाली. "मला नाही आठवत ग. माझ्याच हातून झालं का? होतं हल्ली माझ्याकडून असं. परवा काहीतरी सांडलं ना मी? आणि ते... काय ते, हरवलं मी." तिचा आवाज बारीक झाला, चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखा. "रागावू नकोस हं. मी मुद्दाम नाही केलं."

"अगं, कोण रागावतंय आई..."

"तुम्ही नाही फाडली, काकू."

हे टाकेबाईच बोलल्या, आणि इतक्या मोठ्याने, की त्यांच्या त्याच दचकल्या. दोघींनी वळून बघितलं.

"तुम्ही नाही. मी कापली. कात्रीने. गाठोड्याची चादर मी न विचारता पोटात घालते. तशी घातली. शुक्रवारी कापली, चार तुकडे केले. काल फोन आला तेव्हा शिवून झालेली होती. मी आहे म्हणाले, कारण मी घाबरले. ओली नव्हती. काही नव्हती. मी कापली."

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काल का नाही सांगितलंत?" आवाज गार होता. "आणि आत्ता मी आईला म्हटलं, तुझ्या हातून फाटली, तेव्हाही उभ्या राहून ऐकलंत तुम्ही."

"हो," टाकेबाई म्हणाल्या.

म्हातारी मात्र टाकेबाईंचं तोंड निरखून बघत होती. "म्हणजे मी नाही?"

"नाही काकू."

"ऐकलंस?" ती मुलीला म्हणाली. "मी नाही. हिने केलं." आणि खूश होऊन चादर घेऊन पलंगावर जाऊन बसली.

टाकेबाई पिशवी उचलून निघाल्या होत्या. एकदाचं बोललो, आता खाली जाऊन पायरीवर बसू, असं त्यांना झालं होतं. इतक्यात आतून हाक आली.

"अगं, ही फाटलीय ग. कोणी फाडली?"

ग्रंथपाल बाईंनी डोळे मिटले. "विसरली," त्या हळूच म्हणाल्या. "आता हे असंच चालणार. शिवण हाताला लागली की विचारणार. जा तुम्ही मावशी. मी सांगते काहीतरी."

काहीतरी म्हणजे काय, हे टाकेबाईंना ठाऊक होतं. दमलेलं माणूस काय सांगतं? असू दे आई, फाटली असेल तुझ्याकडून. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि आत गेल्या.

"मी कापली, काकू. चुकून."

या वेळी म्हातारी भडकली. "डोळे फुटले होते का? चांगली चादर दिसत नाही?" टाकेबाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. एकतीस वर्षं ज्या बोलण्याची त्यांनी धास्ती घेतली होती, ते हे असं असतं तर. मेल्या नाहीत त्या.

दहा मिनिटांनी परत. "कोणी फाडली ग?" "मी कापली, काकू." या वेळी तिने शिवण निरखून बघितली, नखाने उचलायला बघितली, उचलली गेली नाही, तेव्हा म्हणाली, "शिवलीस मात्र बरी." मग चौथ्यांदा. मग पाचव्यांदा, तेव्हा ती आपणहोऊनच रडवेली झाली, "मी तर नाही ना फाडली?" आणि टाकेबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "नाही हो काकू. तुमच्या हातून नाही झालं. मी केलं." दर वेळी तीच लाज, पहिल्यासारखी ताजी. सवय होत नव्हती. पण दर वेळी म्हातारीच्या तोंडावर ते सुटल्यासारखं दिसायचं, आणि तेही दर वेळी ताजं.

ग्रंथपाल बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मध्ये एकदा चहा करून आणला आणि एक कप टाकेबाईंच्या बाजूला ठेवला. राग गेला होता असं नाही.

सहाव्यांदा म्हातारीचा अंगठा शिवणीवर थांबला. "ही कोणी फाडली?"

"मी, काकू."

"हं." तिच्या कपाळावर आठी आली. काहीतरी आत खोल बोचत होतं तिला, ते ती शोधत होती. "आणि हरवली होती ना ही? मी शोधत होते. ही म्हणाली, मीच कुठेतरी ठेवली." तिने दाराकडे बोट दाखवलं. "मी ठेवली होती का कुठे?"

टाकेबाई काय बोलणार? ते उत्तर त्यांचं नव्हतं. त्यांनी दाराकडे बघितलं. ग्रंथपाल बाई तिथे हातात बशी धरून उभ्या होत्या.

बाईंनी ती खाली ठेवली. पलंगाजवळ येऊन आईच्या पायाशी, जमिनीवर बसल्या.

"नाही, आई," त्या म्हणाल्या. "मी दिली होती बांधून. न बघता. तू नाही हरवलीस. आणि मग मी तुलाच बोलले. चार दिवस तुलाच बोलत होते."

म्हातारीने आधी मुलीकडे बघितलं, मग टाकेबाईंकडे, मग परत मुलीकडे. तिला सगळं कळलं असेल असं नाही.

"म्हणजे माझ्या हातून काहीच नाही झालं?"

"काहीच नाही, आई."

"मग," म्हातारी म्हणाली, "मी केव्हाची तेच तर सांगतेय."